भक्तीचा दुसरा भाग

हाणामारीच्या चित्रपटाचा दुसरा भाग पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक ‘तेच ते’ म्हणून नाक मुरडतो. ही कुरकुर चित्रपटाहून जुनी आहे; बंगाली रंगभूमीचेच पाहा.

उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारच्या हौशी तरुणांनी १८६८ मध्ये दीनबंधू मित्रांचे ‘सधबार एकादशी’ हे नाटक रंगमंचावर आणले. त्यात निमचंदची भूमिका रंगवणारे गिरीशचंद्र घोष याच वस्तीतले. पुढे ते व्यावसायिक रंगभूमीचे आधारस्तंभ झाले.

ऑगस्ट १८८४ मध्ये बीडन स्ट्रीटवरच्या स्टार थिएटरात त्यांचे ‘चैतन्यलीला’ हे भक्तिनाट्य आले आणि शहर वेडे झाले. वैष्णव संत चैतन्याची भूमिका अभिनेत्री विनोदिनी दासी करत. २१ सप्टेंबरला खुद्द रामकृष्ण परमहंस प्रयोगाला आले.

चाललेला साचा कोण सोडतो? वर्ष सरण्याआधीच गिरीशबाबूंचे ‘प्रह्लादचरित्र’ आले. मात्र त्याच विषयावरचे राजकृष्ण राय यांचे नाटक बेंगॉल थिएटरात अधिक चालले. भक्ती तीच, कथा तीच. तरीही तिकीट कुठले काढायचे हे प्रेक्षक नेमके ठरवत होता.

१८८५ मध्ये ‘चैतन्यलीले’चा दुसरा भाग, ‘निमाई संन्यास’, रंगला. भाषणे लांबलचक, तत्त्वचर्चा जड. विनोदिनींनी आत्मकथेत लिहिले आहे की पहिल्यापेक्षा हा भाग अवघड होता. पहिल्या भागाची लोकप्रियता त्याला लाभली नाही.

गिरीशबाबूंनी भक्तिनाट्य सोडले नाही, पण पात्र बदलले. १८८६ च्या ‘बिल्वमंगल ठाकूर’चा नायक वेश्येच्या प्रेमात बुडालेला होता आणि ते नाटक मात्र प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले.