ऑनलाइन ओळखीमुळे लैंगिक अल्पसंख्याकांविषयीचे मत बदलते का?

समलैंगिक, उभयलैंगिक, पारलिंगी आदी व्यक्तींना एकत्रितपणे लैंगिक अल्पसंख्याक म्हणतात. त्यांच्याविषयी समाजाचे मत बनण्यात आज मोबाइलच्या पडद्यावरील ओळखीचाही वाटा असतो.

संपर्क सिद्धांत काय सांगतो?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये असे मांडले की, वेगवेगळ्या गटांतील माणसे बरोबरीच्या नात्याने, समान उद्दिष्टासाठी, सहकार्याने आणि समाजमान्यतेच्या पाठबळावर एकत्र आली, तर पूर्वग्रह कमी होतात. लैंगिक अल्पसंख्याकांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. जात, भाषा यांचा अंदाज पुष्कळदा येतो. लैंगिक कल लपवता येतो आणि भीतीपोटी तो लपवलाही जातो. त्यामुळे ‘आमच्या ओळखीत असे कोणी नाही’ असे अनेकांना वाटते.

पडद्यावरची ओळख

ही उणीव काही प्रमाणात पडदा भरून काढतो. रोज दिसणारी व्यक्ती प्रत्यक्ष न भेटताही ओळखीची वाटू लागते. या एकतर्फी नात्यामुळेही पूर्वग्रह कमी होऊ शकतात, असे एडवर्ड शियापा आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडले. ‘विल अँड ग्रेस’ या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांच्या पाहणीत ही मालिका जास्त पाहणाऱ्यांमध्ये पूर्वग्रह कमी आढळला. ज्यांच्या ओळखीत समलैंगिक व्यक्ती फारशा नव्हत्या, त्यांच्यात हा संबंध अधिक ठळक होता. अर्थात, मुळातच मोकळ्या मनाची माणसे अशी मालिका निवडतात, हीही शक्यता राहते.

महाराष्ट्रातील उदाहरण गौरी सावंत यांचे. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांपैकी त्या एक. न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथी ही लिंगओळख मान्य केली. 2017 मध्ये त्यांच्या मातृत्वावरील जाहिरात इंटरनेटवर सर्वदूर पाहिली गेली. एरवी सिग्नलवर नजर चुकवणाऱ्या प्रेक्षकाला तिथे मुलीची काळजी घेणारी आई दिसली.

मर्यादा कोणत्या?

संपर्क वाईटही असू शकतो. शिवीगाळ, खोटी माहिती आणि टिंगल करणारे व्हिडिओ याच मोबाइलवर येतात. शिवाय आवडीप्रमाणेच मजकूर समोर येत असल्याने, ज्यांचे मत सर्वांत कठोर असते त्यांच्यापर्यंत असे अनुभव पोहोचतीलच असे नाही. उघडपणे बोलणाऱ्या व्यक्तीला छळाची किंमतही मोजावी लागते.

संवाद महत्त्वाचा

अमेरिकेतील मायामी परिसरात कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन सुमारे 10 मिनिटे गप्पा मारल्या. स्वतःला कधी वेगळे ठरवले गेले होते का, हे त्यांनी मतदारांना आठवायला सांगितले. पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह त्यामुळे कमी झाला आणि हा परिणाम किमान 3 महिने टिकला, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यावरून इतके म्हणता येते की, मत बदलण्यासाठी नुसते दिसणे पुरेसे ठरेलच असे नाही. समोरच्याचे ऐकून घेणे आणि त्यात स्वतःचा अनुभव ओळखणे याला मोठे महत्त्व आहे.