राष्ट्रांची आठवण आणि कोरोनाची साथ

पॅसिफिक महासागरांत सामोआ नांवाचीं बेटें आहेत. १९१८ सालीं राजकीय दृष्ट्या त्यांचे दोन भाग पडलेले होते. पश्चिमेकडील बेटें न्यूझीलंडच्या अंमलाखालीं, तर पूर्वेकडील अमेरिकेच्या. लोक मात्र एकच; भाषा एक, चालीरीती एक, सोयरीकसंबंधहि एकमेकांत. त्या वर्षाच्या ७ नोव्हेंबरला ऑकलंडहून आलेली 'तालूने' नांवाची आगबोट पश्चिम सामोआच्या आपिया बंदरास लागली. बोटीवर इन्फ्लुएंझाचे रोगी होते. तरीहि उतारू उतरूं दिले गेले. पुढल्या कांहीं आठवड्यांत त्या भागांतील अडतीस हजार वस्तीपैकीं सुमारें ८,५०० माणसें मेलीं. पूर्वेकडे अमेरिकन गव्हर्नर जॉन पॉयर यांनीं बंदरावर कडक पहारा बसविला, आणि तेथें या साथीनें एकहि मनुष्य दगावला नाहीं.

श्रोतेहो, मला आज बोलावयाचें आहे तें कोरोनाच्या साथीविषयीं. २०२० पासून निरनिराळ्या देशांनीं तिला कसें तोंड दिलें याविषयीं. मग शंभर वर्षांपूर्वींच्या या बोटीनें आरंभ कां, असें आपण विचाराल. त्याचें कारण असें कीं, २०२० सालीं कोरोनाची बातमी येतांच याच सामोआनें आपलीं दारें लावून घेतलीं, आणि दोन वर्षांहून अधिक काळ तीं लावलेलींच ठेविलीं. नुकतीच, म्हणजे २०१९ च्या अखेरीस, तेथें गोंवराची साथ येऊन ८३ जण गेले होते, आणि त्यांत बहुतेक लहान मुलें होतीं. कोरोना गांवोगांव पसरला तो २०२२ च्या मार्चमध्यें. तोंवर बहुतेक प्रौढ माणसांस लस टोंचून झाली होती. दार कां लावावयाचें, हें तेथील लोकांस कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. त्यांच्या पणज्यांच्या पिढीचीं सामुदायिक थडगीं तेथेंच आहेत.

दुधानें तोंड पोळलेला ताकहि फुंकून पितो, अशी आपल्याकडे म्हण आहे. या साथीचा इतिहास पाहूं लागलों म्हणजे मला वाटतें कीं, राष्ट्रांच्या बाबतींत ती अक्षरशः खरी ठरली. शिवाय तिचा उलटा अर्थहि खरा ठरला: ज्याचें तोंड पूर्वीं पोळलें नव्हतें, त्यानें तापलेलें दूधच ताक समजून तोंडाला लावलें.

तैवानचें तोंड २००३ सालीं पोळलें होतें. त्या वर्षीं सार्स नांवाच्या रोगानें तैपेई शहरांतील एक मोठें रुग्णालय डॉक्टर, परिचारिका व रोगी यांसकट एकाएकीं बंद करून टाकण्याची पाळी आली होती. ती आठवण अंगीं इतकी मुरलेली कीं, २०१९ च्या ३१ डिसेंबरला, जगानें वूहान हें नांवहि ऐकलें नव्हतें तेव्हां, तैवानचे आरोग्याधिकारी वूहानहून आलेल्या विमानांत चढून उतारूंची तपासणी करूं लागले होते. उपराष्ट्राध्यक्ष चेन चिएन-जेन हे स्वतः साथरोगशास्त्राचे अभ्यासक. जानेवारींत मुखपट्ट्यांची निर्यात बंद झाली, आणि फेब्रुवारीपासून औषधाच्या दुकानांत आरोग्यविम्याचें कार्ड दाखवून माणशीं ठराविक मुखपट्ट्या मिळूं लागल्या. रेशनाची रांग ज्यांनीं पाहिली आहे त्यांस यांतलें शहाणपण सांगावयास नको. टंचाई असूनहि काळा बाजार माजला नाहीं. २०२० या सबंध वर्षांत त्या २ कोटि ३० लाखांच्या देशांत कोरोनानें अवघे ७ जण मेले. मात्र या यशानेंच थोडी गुंगीहि आली. २०२१ च्या मे महिन्यांत रोग आंत शिरला तेव्हां लस पुरेशी हाताशीं नव्हती.

दक्षिण कोरियाचा धडा याहूनहि ताजा होता. २०१५ सालीं मर्स नांवाच्या रोगाचे तेथें १८६ रोगी झाले व ३८ मेले. सरकारनें माहिती दडविली म्हणून लोक संतापले, आणि कायदा बदलला गेला. म्हणून २०२० च्या जानेवारींतच कारखानदारांस बोलावून चांचणीचीं साधनें तयार करण्यास सांगण्यांत आलें, आणि पुढें मोटारींतून न उतरतां चांचणी होऊं लागली. देगू शहरांत एका पंथाच्या प्रार्थनासभांतून रोग भडकला, तरी देशभर टाळेबंदी न करतां तो आटोक्यांत आला. १५ एप्रिलला तर तेथें सार्वत्रिक निवडणूक झाली. लोक हातमोजे घालून रांगेंत उभे राहिले आणि शेंकडा ६६ मतदान झालें. याची किंमत कोणती? रोग्यांचें नांव वगळून त्यांच्या हालचालींचें टांचण प्रसिद्ध केलें जाई: अमक्या वयाचा पुरुष, अमक्या दिवशीं, अमक्या हॉटेलांत. शेजाऱ्यांस माणूस ओळखण्यास तेवढें पुरे होतें. कित्येकांस रोगापेक्षां त्या टांचणाची धास्ती अधिक वाटली, आणि पुढें तो तपशील कमी करावा लागला.

युरोपांत या जातीच्या रोगाची कोणासच आठवण नव्हती. इटलींतील व्हो हें तीनएक हजार वस्तीचें गांव. २०२० च्या २१ फेब्रुवारीस तेथें पहिला मृत्यु झाला. गांव बंद करण्यांत आलें आणि जवळजवळ सर्वांची चांचणी घेतली गेली. ज्यांना रोग झालेला आढळला त्यांतील शेंकडा चाळीसांहून अधिकांना कसलेंच लक्षण नव्हतें! धडधाकट दिसणारा मनुष्यच रोग वाहतो, हें गूढ त्या एका खेड्यानें उकललें, आणि गांवांतून रोग हटला. त्याच देशांत, बेर्गामो शहरीं, १८ मार्चच्या रात्रीं लष्कराच्या गाड्या शवपेटिका घेऊन दुसऱ्या शहरांच्या दाहगृहांकडे निघाल्या होत्या. ब्रिटननें तयारी केली होती, पण ती इन्फ्लुएंझाची. चुकीच्या साथीची तयारी झाली, असें तेथील चौकशीच्या २०२४ मधील पहिल्या अहवालानेंच म्हटलें आहे.

स्वीडनविषयीं पुष्कळ वाद झाला, आणि बहुतेक वाद्यांनीं अर्धीच गोष्ट सांगितली. मंत्र्यानें तज्ज्ञ खात्याच्या निर्णयांत हात घालूं नये अशी त्या देशाची जुनी घटनात्मक रीत आहे. शांततेच्या काळांत आणीबाणी पुकारण्याची तरतूदहि त्यांच्या घटनेंत नाहीं. त्यामुळें सूत्रें आलीं तीं सार्वजनिक आरोग्यखात्याच्या व अँडर्स टेग्नेल या साथरोगतज्ज्ञाच्या हातीं. प्राथमिक शाळा चालू राहिल्या, उपाहारगृहें उघडीं राहिलीं, पन्नासांहून मोठा जमाव तेवढा बंद झाला. बाकीचें नागरिकांच्या विवेकावर सोंपविलें. पण रोग वृद्धाश्रमांत शिरला आणि तेथें त्यानें कहर केला. पहिल्या वर्षीं लोकसंख्येच्या मानानें स्वीडनमध्यें नॉर्वे व फिनलंड यांच्या अनेक पटींनीं माणसें मेलीं. डिसेंबरांत खुद्द राजानें बोलून दाखविलें कीं, आपण अपयशी ठरलों.

येथें पुष्कळ जण गोष्ट संपवितात. परंतु २०२० ते २०२२ या तीन वर्षांतील एकंदर जादा मृत्यूंचा हिशेब केला, तर स्वीडन युरोपांतील सर्वांत कमी हानि झालेल्या देशांत मोडतो. मात्स मेलिन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळानें २०२२ मध्यें निकाल दिला तो असा: सक्तीपेक्षां सल्ल्यावर भर देण्याचें धोरण मुळांत बरोबर होतें, मात्र आरंभींच्या आठवड्यांत उपाय अधिक कडक व अधिक लौकर योजावयास हवे होते. या निकालानें दोन्ही पक्षांच्या वकिलांची थोडी पंचाईतच केली. मला स्वतःला वाटतें कीं, विश्वासावर चालणारा कारभार उत्तम खरा. पण वृद्धाश्रमांतील आजीबाईंना त्या विश्वासाचा उपयोग काय, जर त्यांची शुश्रूषा करणारी बाई तासांच्या रोजंदारीवर असेल आणि आजारी पडूनहि तिला घरीं बसणें परवडत नसेल?

न्यूझीलंडविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तेथील यश सर्वांस ठाऊक आहे. २५ मार्च २०२० ला सर्व व्यवहार बंद झाले आणि ८ जूनला देशांत एकहि चालू रोगी उरला नाहीं. एवढें मात्र ध्यानांत असूं द्यावें कीं, त्या सुरक्षित बेटाबाहेर त्याचे स्वतःचे हजारों नागरिक अडकून पडले. परतीच्या विलगवासांतील जागा संगणकावरील चिठ्ठ्यांनीं वांटल्या जात. कोणाचे वडील मरणाच्या दारीं असत, आणि चिठ्ठी निघत नसे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा आपल्याकडील घरांना त्या घालमेलीची कल्पना सहज येईल. २०२२ च्या एप्रिलमध्यें तेथील उच्च न्यायालयानें या पद्धतीमुळें कांहीं नागरिकांच्या स्वदेशीं येण्याच्या हक्कावर असमर्थनीय बंधन पडलें असा निर्णय दिला.

कुलूप सगळीकडे एकच असलें, तरी घरें सारखीं नसतात. दक्षिण अमेरिकेंतील पेरू हें याचें विदारक उदाहरण. त्या देशानें विलंब केला नाहीं. १५ मार्च २०२० लाच अध्यक्ष मार्टिन व्हिस्कारा यांनीं कडक टाळेबंदी जाहीर केली. कागदावर पाहतां पेरू शहाण्यांच्या पंक्तींत बसावयास हवा होता. पण तेथें दहा कामकऱ्यांतील सुमारें सात जण रोजच्या रोज कमावून खाणारे. जवळजवळ निम्म्या घरांत शीतपेटी नाहीं, म्हणजे भाजी, मासळी, मांस रोज आणणें भाग. बाजार उघडे ठेवावे लागले, आणि रोग बाजारांतून घरोघर गेला. सरकारनें गरिबांस रोख मदत दिली. पण पुष्कळांचीं बँकेंत खातींच नव्हतीं, म्हणून पैसे घेण्यासाठीं बँकांपुढें रांगा लागल्या, आणि त्या रांगांतहि रोग पसरला. मग ऑक्सिजन अपुरा पडूं लागला. नळकांडीं भरून घेण्यासाठीं लोक रात्ररात्र तिष्ठत बसले. ज्या राज्यकर्त्यांनीं "घरीं राहा" म्हटलें, त्यांच्या डोळ्यांपुढें जें घर होतें त्यांत शीतपेटी होती, पगार होता आणि वेगळी खोली होती.

आतां आपल्याकडे येऊं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, लाखों लोक शहर सोडून पळाले, आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. अवघीं चार कलमें: सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार, न मानणाऱ्यास शिक्षा, आणि अधिकाऱ्यास संरक्षण. पुण्यांत सोजीर घरांत शिरून झडत्या घेऊं लागले आणि जूनमध्यें रँडसाहेबाचा खून झाला, हा इतिहास महाराष्ट्रांत शाळकरी पोरासहि पाठ आहे. तोच कायदा २०२० च्या मार्चमध्यें पुन्हां बाहेर काढण्यांत आला. गंमत अशी कीं, कायद्यानें अधिकार तेवढे जपून ठेविले; साथ आली म्हणजे मुंबईचा कामकरी गांवची वाट धरतो, ही प्लेगची आठवण मात्र कोणी जपली नाहीं. २४ मार्चच्या रात्रीं आठ वाजतां घोषणा झाली आणि मध्यरात्रीं देश बंद. मध्यें तास चार! आगगाड्या नाहींत, मोटारी नाहींत. मग माणसें पायीं निघालीं. ८ मेच्या पहांटे औरंगाबादेजवळ करमाड येथें रुळांवरच थकून झोंपलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. जालन्याहून ते मध्यप्रदेशांतल्या आपल्या घरीं निघाले होते.

त्याच महिन्यांत मुंबईच्या धारावींत निराळा प्रकार चालला होता. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख वस्ती, शेंकडों माणसांत एक संडास. तेथें अंतर राखा हा उपदेश व्यर्थ. महानगरपालिकेनें वस्तींतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलें, घरोघर ताप मोजला, सार्वजनिक संडास वारंवार धुऊन काढले, शाळांत व मंगलकार्यालयांत रोग्यांची व संशयितांची जेवणाखाणासह सोय केली. जुलैपर्यंत रोग ओसरला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचें नांव घेतलें. माणसाला दम देऊन नेण्याऐवजीं जेवण देऊन नेलें तर तो येतो, एवढीच त्यांतली किमया. दुर्दैवानें पुढल्याच वर्षीं, २०२१ च्या एप्रिलमध्यें, दुसरी लाट आली तेव्हां आपण पहिल्या लाटेची वर्षभरापूर्वींची आठवणहि विसरलों होतों. पेरूंतल्या त्या नळकांड्यांच्या रांगा आपल्या शहरांत लागल्या.

शेवटीं मोजदादीविषयीं. देशांची तुलना करावयाची ती मृत्यूंच्या आंकड्यांवरून, आणि आंकडेच सारखे नाहींत. पेरूच्या सरकारनें ३१ मे २०२१ ला तज्ज्ञांची समिति नेमून काढलेला नवा हिशेब जाहीर केला: कोरोनाचे मृत्यु ६९ हजार नसून १ लाख ८० हजारांवर आहेत. एका दिवसांत तो देश लोकसंख्येच्या मानानें जगांतील सर्वांत मोठ्या हानीचा ठरला. असें करावयास धैर्य लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२०-२१ या दोन वर्षांत जगभर सुमारें १ कोटि ४९ लाख जादा मृत्यु झाल्याचा अंदाज २०२२ मध्यें दिला. त्यांत भारताचे ४७ लाख धरले होते. भारत सरकारनें गणिताची ती पद्धतच अमान्य केली. २०२५ मध्यें आपल्याच जन्ममृत्यु-नोंदणीचा २०२१ चा अहवाल बाहेर आला. त्याप्रमाणें त्या वर्षीं सुमारें १ कोटि २ लाख मृत्यु नोंदले गेले. आदल्या वर्षीं ते ८१ लाखांच्या घरांत होते. नोंदणी सुधारल्यामुळें यांतली कांहीं वाढ झाली असेल, हें मान्य. परंतु २०२१ मध्यें कोरोनाच्या खात्यावर अधिकृतपणें पडलेले मृत्यु साडेतीन लाखांच्याहि आंतच आहेत.

त्या एप्रिलमध्यें आमच्या चाळींतील एक वृद्ध गृहस्थ घरींच वारले. चार दिवस ताप होता, धाप लागली होती. चांचणी होऊं शकली नाहीं आणि ऑक्सिजन मिळाला नाहीं. त्यांच्या मुलानें मला मृत्यूचा दाखला दाखविला. कारणाच्या रकान्यांत लिहिलें होतें, हृदयक्रिया बंद पडल्यामुळें. त्या १ कोटि २ लाखांत ते आहेत. साडेतीन लाखांत नाहींत.