एका गाण्याच्या दोन तबकड्या

आर.ई.एम. या अमेरिकी बँडचं ‘रेडिओ फ्री युरोप’ दोन रूपांत ऐकायला मिळतं, आणि त्यांतलं सरस कोणतं यावर चाहत्यांचा वाद आहे. माझं मत दुसऱ्याला आहे. खुद्द बँडचं मत पहिल्याला. तेव्हा पुरावे तपासूनच बोललेलं बरं. बखरीपेक्षा समकालीन कागद मोलाचा, हे इतिहासकार राजवाड्यांनी आपल्याला शिकवलंच आहे.

पहिलं साधन म्हणजे जुलै १९८१ची सात इंची तबकडी. जॉर्जियातल्या अथेन्स गावच्या चौघांनी ती एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनात, मिच ईस्टरच्या ‘ड्राइव्ह-इन’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. स्टुडिओ कसला, त्याच्या आईवडिलांच्या घराचं गॅरेज. तबकडी काढली अटलांटाच्या ‘हिब-टोन’ने. पहिली खेप हजार प्रतींची, आणि तिच्यावर कंपनीचा पत्ताच नाही! दुकानदाराने आणखी प्रती मागवायच्या कुठून? तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिला वर्षातल्या दहा उत्तम सिंगल्समध्ये बसवलं आणि आणखी प्रती काढाव्या लागल्या.

इथे साधनं एकमेकांना छेद देतात. मास्टरिंग न आवडल्यामुळे गिटारवादक पीटर बकने एक प्रत फोडून भिंतीवर चिकटवली, अशी हकिगत आहे. पण १९८८मध्ये ‘एपोनिमस’ हा संग्रह निघाला तेव्हा त्यात घेतलं गेलं ते याच ‘हिब-टोन’चं ध्वनिमुद्रण. माझ्या मते विसंगती वरवरची आहे. राग तबकडीच्या आवाजावर होता, वाजवण्यावर नव्हता.

दुसरं रूप ‘मर्मर’ या पहिल्या अल्बमचं, एप्रिल १९८३चं. ‘आय.आर.एस.’ कंपनीच्या आग्रहावरून गाणं पुन्हा केलं गेलं आणि अल्बमच्या आरंभी आलं. सहनिर्माते ईस्टर आणि डॉन डिक्सन. लय थोडी संथ झाली, हा आक्षेप मान्य. पण सुरुवात ऐका. स्टुडिओच्या यंत्रणेत घुसलेली घरघर ईस्टरने टेपवर धरली आणि माइक मिल्सच्या बासबरोबर ती उघड-बंद होईल अशी जोडणी केली. आधी ही धडधडती खरखर, मग बिल बेरीचे ड्रम्स, आणि त्यावर मायकल स्टाइपचं पुटपुटणं. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी तर शब्द पुरे झालेच नव्हते, हे स्टाइपनेच पुढे सांगितलं आहे.

गाण्याला नाव मिळालं ते पूर्व युरोपसाठी अमेरिकेने चालवलेल्या नभोवाणीचं. तिकडची सरकारं तिच्या प्रक्षेपणात मुद्दाम खरखर मिसळत. ती घरघर ऐकताना मला हेच आठवतं. हा माझा अन्वय, पुरावा नव्हे. पण अल्बमचं दार उघडणाऱ्या गाण्याकडून जे हवं ते इथे आहे: शब्द कळण्याआधीच कान टवकारतात.

‘बिलबोर्ड’च्या यादीत हे रूप ७८व्या स्थानापर्यंतच पोचलं. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी निवडलं तेही १९८१चंच रूप. इंडी रॉकला कॉलेज रेडिओची वाट दाखवल्याबद्दलचा तो मान रास्तच आहे. तरी माझी निवड बदलत नाही. ‘एपोनिमस’ आणि ‘मर्मर’ दोन्ही सहज मिळतात. लागोपाठ ऐका, आणि ‘मर्मर’ लावताना सुरुवातीची घरघर पुढे ढकलू नका.