परदेशचें द्वार आणि कुटुंबाचा प्रश्न

इ. स. १८८३ च्या एप्रिल महिन्यांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याच्या बंदरांतून आगबोटीनें अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या चरित्रांत प्रवासापूर्वींच्या अनेक चिंता वाचावयास मिळतात. पैशाची चिंता होती, अन्नाची होती, थंडीची होती, आणि सर्वांत मोठी म्हणजे लोकापवादाची. पण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कोणी आपणांस उतरूं देईल कीं नाहीं, ही चिंता त्यांत कोठेंच आढळत नाहीं. चिनी मजुरांस अटकाव करणारा कायदा अमेरिकेंत आदल्याच वर्षीं झाला होता. हिंदी मनुष्यास मात्र त्याची झळ नव्हती. पुढें गोपाळरावहि तेथें गेले. पत्नी विद्यार्थिनी आणि पति तिच्या मागून आलेला. हा कोणाचा आश्रित, याची मिळकत किती, याचें लग्न कोणत्या विधीनें झालें, असें विचारणारा एकहि अंमलदार त्यांच्या वाटेंत आला नाहीं.

हा प्रसंग आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या पावसाळ्यांत आमचा एक माजी विद्यार्थी कागदांची भली मोठी चळत घेऊन आमच्याकडे आला. पूर्वीं असे विद्यार्थी शिफारसपत्र मागावयास येत. हा एका वाक्याचा अर्थ विचारावयास आला होता. त्याला स्वतःला कुशल कामगार म्हणून एका परक्या देशांत प्रवेश मिळाला होता. पत्नीला मिळेल कीं नाहीं, हें त्या वाक्यावर अवलंबून होतें. गुरुजी इंग्रजी पदवीधर, तेव्हां यांना तें नक्कीच कळेल, अशी त्याची भाबडी समजूत. तें वाक्य आम्ही तीन वेळां वाचलें. त्या वाक्याची कथा शेवटीं सांगूं. तोंपर्यंत असें वाक्य जन्मास येतें कसें, हें पाहणें अधिक उद्बोधक होईल.

परक्या देशाच्या द्वारावर येणाऱ्यास दोन प्रश्न विचारले जातात. तुझ्या अंगीं कोणती विद्या आहे? आणि तुझ्याबरोबर हीं कोण माणसें आहेत? पहिल्या प्रश्नाचा आधुनिक इतिहास आमच्या मतें नाताळांत सुरू होतो. ऊंसाच्या मळ्यांसाठीं गिरमिटिये तेथें हवे होते. परंतु त्यांच्या मागोमाग येणारा हिंदी व्यापारी गोऱ्या रहिवाशांस नको होता. तथापि साम्राज्याची प्रजा सर्व समान, असें राणीच्या जाहीरनाम्यानें सांगितलेलें असल्यामुळें 'हिंदी मनुष्यास बंदी' असें उघड लिहिण्याची सोय नव्हती. म्हणून १८९७ च्या कायद्यांत वर्णाचा उच्चारहि न करतां एवढेंच म्हटलें कीं, येणारानें युरोपांतील कोणत्याहि एका भाषेच्या लिपींत आपला अर्ज लिहून दाखवावा. वसाहतमंत्री चेंबर्लेन यांना ही युक्ति इतकी पसंत पडली कीं, त्याच वर्षीं लंडनला जमलेल्या वसाहतींच्या प्रधानांपुढें त्यांनीं ती नमुना म्हणून ठेवली. ऑस्ट्रेलियानें १९०१ सालीं तिच्यावर ताण केली. तेथें अधिकारी वाटेल त्या युरोपीय भाषेंत पन्नास शब्द सांगे आणि उमेदवारानें ते उतरून घ्यावयाचे. भाषा कोणती, तें अधिकाऱ्यानें ठरवावयाचें! १९३४ सालीं एगॉन किश नांवाच्या बहुभाषी लेखकास नापास करण्यासाठीं स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंत परीक्षा घेण्यांत आली. आणि गेलिक ही कायद्याच्या अर्थानें युरोपीय भाषा नव्हे, असा निर्णय तेथील वरिष्ठ न्यायालयास द्यावा लागला. ही परीक्षा १९५८ सालपर्यंत कायद्यांत होती.

ट्रान्सवालनें याहून सूक्ष्म काम केलें. १९०७ च्या तेथील प्रवेशकायद्यांत शिक्षणाची अट होती, आणि ती पुरी करणाऱ्या हिंदी मनुष्यास वरवर पाहतां वाट मोकळी होती. परंतु त्याच वर्षींच्या दुसऱ्या कायद्यानें प्रत्येक आशियावासी मनुष्यास नोंदणी सक्तीची केली होती, आणि नोंदणी व्हावयाची ती जुन्या रहिवाशांचीच. म्हणजे सुशिक्षित नवागत एका कायद्यानें पात्र ठरे व दुसऱ्यानें हद्दपारीस योग्य होई. दोन्ही कायदे एकमेकांशेजारीं ठेवून वाचल्याखेरीज हा फांस दिसत नसे. १९०८ सालीं सोराबजी शापूरजी अडाजणिया हे इंग्रजी शिकलेले पारशी गृहस्थ मुद्दाम सरहद्द ओलांडून आंत गेले, तेव्हां तो सर्वांस दिसला. पुढच्या वर्षीं गांधीजी लंडनला गेले तेव्हां त्यांची मागणी काय होती? वर्षाकांठीं केवळ सहा सुशिक्षित हिंदी मनुष्यांस प्रवेश. जनरल स्मट्स यांची सहा माणसें घेण्यास ना नव्हती! परंतु तीं मेहेरबानी म्हणून घेऊं, हक्क म्हणून नव्हे, हा त्यांचा आग्रह. सहा माणसांसाठीं एवढें रण कशाला, असें त्या काळीं पुष्कळ व्यवहारी लोकांस वाटलें असेल. आम्हांस मात्र पुढील शंभर वर्षांचा सारा वाद त्या एका भेदांत सांठवलेला दिसतो.

दुसरा प्रश्न, कुटुंबाचा. नाताळच्या १८९७ च्या कायद्यानें प्रवेशास पात्र मनुष्याच्या पत्नीस व अज्ञान मुलांस मोकळीक दिली होती. शब्द सरळ होते. पण 'पत्नी' म्हणजे कोण, हें कायद्यानें सांगितलें नव्हतें, कारण तें कोणास सांगावें लागेल असें वाटलेंच नव्हतें. केप प्रांतांत १४ मार्च १९१३ रोजीं न्यायमूर्ति सर्ल यांच्यापुढें हसन ईसप यांचा दावा निघाला. त्यांच्या पत्नी बाई मरियम हिंदुस्थानांतून आल्या असतां त्यांस उतरूं दिलें नव्हतें. लग्न मुसलमानी धर्माप्रमाणें झालेलें. त्या धर्मांत बहुपत्नीत्वास मुभा आहे. तेव्हां पतीस दुसरी बायको नसली तरी हा विवाह कायद्याच्या अर्थानें विवाह नव्हे, असा निवाडा झाला. तर्काच्या दृष्टीनें निवाडा बिनचूक आणि परिणामाच्या दृष्टीनें राक्षसी. कारण तोच तर्क हिंदु विवाहास तंतोतंत लागू होता. दक्षिण आफ्रिकेंतील हजारों संसारी स्त्रिया एका सकाळीं कायद्याच्या नजरेंत कोणाच्याच कोणी राहिल्या नाहींत.

त्याच वर्षाच्या कायद्यांत सरकारनें सुधारणा केली ती अशी कीं, युनियनबाहेर कोणत्याहि धर्माच्या विधीनें झालेला, परंतु 'एकपत्नीक' असा विवाह मान्य. म्हणजे जो शब्द रोगाचें मूळ तोच औषधांत घातला. नामदार गोखले आदल्याच वर्षीं, १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते. गिरमिट संपलेल्या मजुरांवरील तीन पौंडांचा कर उठविण्याचें वचन आपणांस प्रधानांकडून मिळालें, असें ते समजून होते. तसें वचन दिलेंच नव्हतें, असें पुढें सरकारनें म्हटलें. तोंडी आश्वासनाचें मोल काय, याचा हा धडा गोखल्यांसारख्या सावध पुरुषालाहि घ्यावा लागला. १९१३ च्या सप्टेंबरांत कस्तुरबा इतर स्त्रियांसह सरहद्द ओलांडून तुरुंगांत गेल्या. त्यांस तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. सोळा-सतरा वर्षांची वळ्ळियम्मा तुरुंगांत आजारी पडली व सुटल्यावर लवकरच, १९१४ च्या फेब्रुवारींत, वारली. त्याच वर्षींच्या कायद्यानें एका पत्नीच्या विवाहास मान्यता मिळाली आणि करहि गेला. 'पत्नी' या एका शब्दाची व्याख्या करून घेण्यास पडलेली किंमत ही अशी आहे.

कॅनडाची कथा निराळी, पण तिचा गाभा तोच. १९०८ च्या जानेवारींतील हुकुमानें असें ठरलें कीं, आपल्या जन्मदेशाहून अखंड प्रवास करून आलेल्यासच उतरूं द्यावें. हिंदुस्थानाहून कॅनडाला थेट जाणारी बोट नव्हती. एकाच तिकिटावर नेण्याची सोय ज्या कंपनीस शक्य होती, तिला तशीं तिकिटें विकूं नयेत असें सरकारनेंच सुचविलें. त्याशिवाय आशियाच्या मनुष्याजवळ दोनशें डॉलर हवेत, इतरांजवळ पंचवीस पुरेत. व्हँकूव्हरच्या गुरुद्वाराचे भाई भागसिंग व बलवंतसिंग हे तेथील जुने रहिवासी होते. ते मायदेशीं जाऊन बायकामुलांस घेऊन १९१२ च्या जानेवारींत परत आले. पुरुषांस उतरूं दिलें. बायकामुलांस परत धाडण्याचा हुकूम झाला. पतीला घर आहे, पत्नीला तिकीट नाहीं! गवगवा झाल्यावर ऑटवा सरकारनें त्यांस राहूं दिलें, पण लेखांत स्पष्ट म्हटलें कीं ही केवळ कृपा आहे, हा पायंडा समजूं नये. स्मट्सांची मेहेरबानी ती हीच. फक्त समुद्र दुसरा.

येथें एक गोष्ट न्यायासाठीं सांगितली पाहिजे. मोघम नियम दोन्हीकडून कापतो. १९१३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटिश कोलंबियाचे मुख्य न्यायाधीश हंटर यांनीं हुकुमाचे शब्द मूळ कायद्याच्या शब्दांशीं जुळत नाहींत, एवढ्यावरून 'पानामा मारू' बोटीवरील शिखांस मोकळें केलें. सरकारनें धडा घेतला आणि थोड्याच आठवड्यांत हुकूम नव्या शब्दांत काढला. त्या निकालाच्या भरंवशावर निघालेली 'कोमागाता मारू' ३७६ उतारू घेऊन १९१४ च्या मे महिन्यांत व्हँकूव्हरला पोंचली, तेव्हां फट बुजलेली होती. दोन महिने बंदरांत उभी राहून ती परतली. पुढें काय झालें तें वाचकांस ठाऊक आहे.

१९१८ च्या साम्राज्य-युद्धपरिषदेनें अखेर मान्य केलें कीं, वसाहतींत कायम राहिलेल्या हिंदी मनुष्यास एक पत्नी व तिचीं अज्ञान मुलें आणतां यावींत. मात्र हिंदुस्थान सरकारनें त्या प्रत्येकाबद्दल दाखला द्यावा. येथून कुटुंबाचें नातें चुलीपाशीं न ठरतां कचेरींत ठरूं लागलें.

वर्णभेद गेल्यावर हें सर्व संपलें, असें आमच्या कांहीं मित्रांचें मत आहे. आम्हांस तें पटत नाहीं. हेतु गेला, यंत्र राहिलें. १९६७ सालीं कॅनडानें गुणपद्धति आणली. शिक्षण, भाषा, वय, धंदा अशा नऊ बाबींस मिळून शंभर गुण, व पन्नास मिळविणारा पात्र. सर्व कांहीं छापील आणि मोजतां येण्यासारखें. या पद्धतीबद्दल आमच्या मनांत आदर आहे. परंतु ब्रिटननें १९६२ सालीं चिठ्ठ्यांचे तीन वर्ग केले, आणि दोनतीन वर्षांतच अकुशलांचा तिसरा वर्ग मिटला. कुटुंबाकडे संशयानें पाहणें मात्र वाढतच गेलें. १९७९ सालीं लग्नासाठीं लंडनच्या विमानतळावर उतरलेल्या एका हिंदी शिक्षिकेची कौमार्यपरीक्षा घेण्यांत आल्याचें उघडकीस आलें, तेव्हां दिल्लीपर्यंत संताप उसळला. पुढच्या दशकांत पतीस असें सिद्ध करावें लागे कीं, आपलें लग्न मुख्यतः प्रवेशासाठीं झालेलें नाहीं. मनांत नसलेली गोष्ट मनांत नाहीं, हें कागदानें कसें सिद्ध करावें? हा नियम १९९७ सालीं गेला. दरम्यान १९८५ सालीं एका घाना-वंशीय मुलाचें आईशीं असलेलें नातें जेफ्रीज यांच्या नव्या डीएनए चाचणीनें सिद्ध झालें. त्या विद्येचा पहिला व्यावहारिक उपयोग गुन्हेगार शोधण्यासाठीं नव्हे, तर आईला मूल परत देण्यासाठीं झाला.

कुशल मनुष्यहि निर्धास्त राहिला नाहीं. २००२ सालीं सुरू झालेल्या अतिकुशलांच्या योजनेंत घरदार मोडून ब्रिटनला गेलेल्यांस २००६ च्या नोव्हेंबरांत सांगण्यांत आलें कीं, मुदत वाढवावयाची तर आतां नव्या गुणांप्रमाणें पात्र ठरा. खेळ अर्ध्यावर आल्यावर नियम बदलणें अन्यायाचें आहे, असें न्यायालयानें २००८ सालीं म्हटलें. २०१२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें आणखी एक पाऊल टाकलें: ज्या अटीवर अर्ज नाकारतां ती अट पार्लमेंटपुढें ठेवलेल्या नियमांतच हवी, कचेरीच्या पुस्तिकेंतील यादी म्हणजे नियम नव्हे. कुटुंबासाठीं मात्र त्याच वर्षीं वार्षिक १८,६०० पौंडांच्या मिळकतीची अट बसली, आणि २०२४ च्या एप्रिलांत ती २९,००० झाली.

अमेरिकेनें १९६५ सालीं देशवार कोट्याची जुनी रीत टाकली आणि १९९० सालीं कामधंद्यावर येणाऱ्यांसाठीं वर्षाला सुमारे १,४०,००० जागा ठरविल्या. पण कोणत्याहि एका देशास शेंकडा सातांहून अधिक नाहींत. या संख्येंत केवळ अभियंता मोजला जात नाहीं. त्याची पत्नी एक आणि प्रत्येक मूल एक, अशी मोजणी होते. म्हणजे कुटुंब बरोबर न्यावें तर आपल्याच मागच्या भाऊबंदांची रांग लांबते. मुलगी चौथीच्या वर्गांत तेथें गेली, तेथेंच वाढली, आणि बापाचा क्रम लागण्यापूर्वीं एकवीस वर्षांची झाली, तर कायद्याच्या दृष्टीनें ती त्याचें मूल राहत नाहीं. २००२ च्या कायद्यानें वय मोजण्याची रीत थोडी सौम्य केली. सर्वांस ती पुरत नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याचें वाक्य. तिसऱ्या वाचनानंतर आम्ही त्यास सांगितलें कीं, याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही व्याकरणशुद्ध आहेत. एका अर्थानें त्याची पत्नी त्याच्याबरोबरच जाऊं शकत होती, दुसऱ्यानें दोन वर्षांनीं. कचेरींत दूरध्वनीनें विचारलें तेव्हां पहिला अर्थ सांगण्यांत आला होता, असें तो म्हणाला. आम्हांस गोखल्यांची आठवण झाली. तोच प्रश्न लेखी विचार, आणि उत्तर येईपर्यंत तिला नोकरीचा राजीनामा देऊं देऊं नकोस, एवढें आम्ही बोललों. तो ऑगस्टांत एकटाच गेला. पत्नी अजून येथल्याच शाळेंत शिकवीत आहे. लेखी उत्तर आलेलें नाहीं.