अभिव्यक्तिवादी स्त्रीचित्र हे इतिहासाचे साधन : सूझा यांचे ‘बर्थ’ (१९५५)

आधुनिक भारताच्या इतिहासलेखनात चित्र हे साधन म्हणून क्वचितच हाताळले जाते. गोसीखुर्द परिसरातील आपल्या विद्यार्थ्यांना पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरील स्तूपावशेष हे साधन वाटतात. सत्तर वर्षांपूर्वीचे तैलचित्र मात्र वाटत नाही. या अनुषंगाने फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४-२००२) यांच्या एका स्त्रीचित्राचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाझी राजवटीने १९३७ साली म्युनिक येथे अभिव्यक्तिवादी कला ‘अधःपतित’ म्हणून प्रदर्शनात मांडली. पुढील वर्षी ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईत आश्रयास आले. त्यांच्या व समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांच्या सहवासाचा लाभ मुंबईतील तरुण चित्रकारांना झाला. याच पिढीने १९४७ साली ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. त्यात सूझांसमवेत विदर्भातील ह. अं. गाडे होते, तसेच नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले रझा होते, हेही येथे नोंदविले पाहिजे. १९४९ साली अश्लीलतेच्या आरोपावरून सूझांची चित्रे प्रदर्शनातून काढण्यात आली. त्याच वर्षी ते लंडनला गेले. जी कला तिकडे अधःपतित ठरली होती, तिच्या वारसदारावर इकडे अश्लीलतेचा ठपका आला. कारणे भिन्न होती, हे मान्य करूनही हे साम्य दुर्लक्षिता येत नाही.

‘बर्थ’मध्ये एक गर्भवती स्त्री विवस्त्र पहुडली आहे. मागे धर्मगुरूसारखा झगा घातलेला पुरुष उभा आहे, खिडकीबाहेर शहर दिसते. जाड काळ्या रेषांनी देह जणू जखडला आहे. सूझांच्या अशा चित्रांत स्त्रीद्वेष आहे, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. त्यांच्या अनेक स्त्रीप्रतिमा खरोखरच क्रूर आहेत. मात्र येथे विरूपणाचा रोख केवळ स्त्रीवर नाही. सालिगावच्या कॅथलिक घरात जन्मलेला, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा चित्रकार जन्माच्या प्रसंगी धर्माला साक्षीदार म्हणून उभा करतो. तो पुरुष काहीच करीत नाही. भार स्त्रीच वाहते.

हे चित्र २००८ साली लिलावात सुमारे २५ लाख डॉलरना व २०१५ साली सुमारे ४० लाख डॉलरना विकले गेले. या आकड्यांचीच चर्चा अधिक झाली. चित्रातील स्त्रीचे नाव शीर्षकात नाही; तिच्या केसांतील पिना मात्र चित्रकाराने विसरू दिलेल्या नाहीत.