पापणी उचलली, नजरेचं काय?

काही बाळांची एक पापणी जन्मापासूनच खाली उतरलेली असते. पापणी वर ओढणारा लेव्हेटर स्नायू गर्भातच नीट घडलेला नसतो. अशी मुलं हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून उरलेल्या फटीतून बघतात.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत आन्तोनियो स्कार्पा पापणीची जादा कातडी कापत. पण स्नायू दुबळाच राही. १८५७मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी आतल्या बाजूने लेव्हेटरच आखूड केला. १८८३मध्ये जर्मनीच्या एव्हरबुश यांनी तो बाहेरून, कातडीतून गाठला. जिथे स्नायूत जवळपास ताकदच नाही, तिथे कपाळाची मदत घ्यायची ही युक्ती पुढे रुळली. १९०९मध्ये पायर यांनी पापणी कपाळाच्या स्नायूला जोडण्यासाठी मांडीतली चिवट पट्टी, फॅशिया लाटा, वापरली. १९५६मध्ये टोरोंटोच्या क्रॉफर्ड यांनी ही पद्धत लहान मुलांसाठी नीट बसवून दिली. कपाळ उचललं की पापणी उचलली जाते.

या साऱ्या प्रवासात यश मोजलं जाई ते मुख्यतः पापणीच्या उंचीवर. नजरेचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९६३मध्ये. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्याला जवळपास दादच देत नव्हत्या. मोठ्या मांजरांत असं झालं नाही. म्हणजे बघणं शिकायलाही वय असतं. या संशोधनमालेला १९८१चं नोबेल मिळालं.

म्हणूनच बाहुली पूर्ण झाकली गेली असेल, तर शस्त्रक्रियेला उशीर चालत नाही. पण बाहुली उघडी असूनही डोळा आळशी पडू शकतो. तिरळेपणा असतो, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक असतो. सिलिंडरचा नंबर तर या मुलांत बऱ्याचदा सापडतो. तो शस्त्रक्रियेने जाईलच असं नाही, उलट बदलूही शकतो. त्यामुळे आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर तपासायला हवा. मग चष्मा, आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. पट्टीचा हा उपाय फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी १७४३मध्येच सांगितला होता.

टाके निघाले, फोटो छान आला, की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तो त्यांचा हक्कच आहे. पण पट्टी त्याच आठवड्यात सुटली, तर पापणी सावरते आणि नजर मागे राहते. पुढच्या तपासणीची तारीख शस्त्रक्रियेच्या तारखेइतकीच मोलाची माना.