दमदमची गोळी आणि 'रानटी' माणूस

आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा परवा मोबाईलवर पिस्तुलाच्या गोळ्यांचे व्हिडिओ बघत होता. कुठली गोळी आरपार जाते आणि कुठली शरीरात फुटून पसरते, हे त्याला तोंडपाठ. मी विचारले, "पसरणाऱ्या गोळीला दमदम गोळी का म्हणतात?" ते काही त्याला सांगता येईना. त्याला जे सांगितले, तेच इथे मांडतो. वरवर हा शस्त्रांचा इतिहास दिसतो. खरे तर माणूस कोणाला म्हणायचे, याचा हा इतिहास आहे.

दमदम म्हणजे कलकत्त्याजवळचे गाव. तिथे इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. भारतीय इतिहासात हे गाव दोनदा येते. पहिली वेळ जानेवारी १८५७. दारूगोळा खात्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने लोटा बाटेल म्हणून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला की गाय-डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडाल, तेव्हा तुमची जात कुठे राहील? ही हकीकत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत आहे. उत्तर भारतातले दलित समाज या खलाशाला मातादीन भंगी म्हणून ओळखतात. शाळेच्या पुस्तकात काडतूस आले, पण पाणी मागणारा माणूस आला नाही.

दुसरी वेळ त्यानंतर चाळीस वर्षांनी. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची शिशाची गोळी सुमारे साडेअकरा मिलिमीटर जाड होती. मऊ असल्याने ती शरीरात चेपटायची. त्यानंतर ली-मेटफर्ड रायफल आली. तिची गोळी ७.७ मिलिमीटरची, वेगवान, आणि शिशावर निकेलमिश्रित तांब्याचे पूर्ण कवच. अशी गोळी आकार न बदलता आरपार जाते. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर तक्रार सुरू झाली की गोळी लागली तरी पठाण थांबत नाही. मग दमदमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. शरीरात शिरताच टोक पसरते आणि जखम कितीतरी मोठी होते. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ही गोळी आफ्रिदींवर चालली. टोकाला पोकळी असलेली तिची बहीण १८९८ मध्ये सुदानमध्ये ओमदुर्मानच्या लढाईत वापरली गेली. त्याच वर्षी वेबली रिव्हॉल्वरसाठीही पोकळ टोकाची गोळी स्वीकारली गेली. तिचे नावच होते 'मॅनस्टॉपर', म्हणजे माणूस थांबवणारी. पण थांबवायचा होता तो कोणता माणूस?

याचे उत्तर १८९९ साली हेगच्या परिषदेत मिळाले. पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव होता. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांच्या युक्तिवादाचा सार असा : सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की तो जखमी झाल्याचे ओळखून मागे जातो, रानटी माणूस मात्र दोन-तीन गोळ्या लागल्या तरी पुढेच येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. म्हणजे पठाणाचे धैर्यही त्याच्या रानटीपणाचा पुरावा ठरले! रशियाच्या प्रतिनिधीने शत्रूंमध्ये असा भेद करायला विरोध केला. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात गेले, पोर्तुगाल तटस्थ राहिला, तरी २९ जुलैला जाहीरनामा झाला.

म्हणजे माणुसकी जिंकली का? जाहीरनाम्याची अट वाचा. बंदी फक्त सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धापुरती होती. आफ्रिदींना, सुदानी लोकांना त्या टेबलावर खुर्चीच नव्हती, मग सही कुठली? ब्रिटनने १९०७ साली जाहीरनामा मान्य केला, पण त्या अटीसह. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचीच ही आंतरराष्ट्रीय आवृत्ती आहे. वरच्यांनी आपसात नियम पाळायचे आणि खालच्यांना नियमाबाहेर ठेवायचे.

याच दशकात इकडे काय चालले होते? १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. कारण दिले गेले 'लढाऊ जातीं'च्या सिद्धांताचे. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांचेच वंशज एका फटक्यात 'लढाऊ नसलेले' झाले. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. पठाण 'फारच लढाऊ' म्हणून त्याला क्रूर गोळी आणि महार 'लढाऊच नाही' म्हणून त्याला नोकरी नाही. निष्कर्ष उलटे, पण पद्धत एकच. आधी जन्मावरून शिक्का मारायचा आणि मग त्याला शास्त्र म्हणायचे.

यावर कोणी म्हणेल, आज अनेक देशांचे पोलीस पसरणारी गोळीच वापरतात, कारण ती आरपार जाऊन मागच्या निरपराधाला लागण्याची शक्यता कमी असते. हा मुद्दा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्यातून एक विचित्र गोष्टही दिसते. परक्या देशाच्या सैनिकावर जी गोळी चालवणे निषिद्ध, ती स्वतःच्या नागरिकावर चालते. म्हणून गोळीच्या निवडीचे कारण प्रत्येक वेळी तपासावे लागते. ते कारण समोरच्या परिस्थितीत आहे, की समोरच्याच्या जन्मात?

मुलाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, त्या खलाशाला शेवटी पाणी मिळालं का?" त्या पाण्यासाठी महाडला १९२७ साल उजाडावे लागले, एवढेच मी त्याला सांगू शकलो.